इंजिन सेट होतंय

नवी मोटरसायकल घेणाऱ्या माणसाची गाठ दोन संस्थांशी पडते. एक शोरूम, दुसरी सर्व्हिस सेंटर. दोन्हींच्या पाटीवर नाव एकच असतं, मालकही बहुधा एकच असतो, पण त्या एकमेकींना ओळखतात असं त्यांच्या वागण्यावरून वाटत नाही. शोरूम हमरस्त्यावर असतं, काचेचं असतं, आत एसी असतो आणि गिऱ्हाईक दारात दिसलं की कोणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन उठतं. सर्व्हिस सेंटर मागच्या बोळात नाहीतर एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये असतं. पाणी तिथेही भरपूर असतं, पण ते गाड्या धुण्यासाठी. शोरूममध्ये गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, आणि पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली मालकाच्या हाती देऊन सहकुटुंब फोटो काढतात. पंधरा दिवसांनी तीच गाडी, तोच मालक आणि एक बारीकसा टकटक आवाज असे तिघे सर्व्हिस सेंटरच्या फाटकाशी येतात, तेव्हा प्रश्न येतो, ‘अपॉइंटमेंट घेतली होती का?’ या दोन वागणुकींतल्या फरकाचं खापर आपण लोकांच्या स्वभावावर फोडतो. मेकॅनिक निष्काळजी, मॅनेजर उर्मट, डीलर लबाड. मला हे निदान पटत नाही. नव्या गाडीत काही बिघाड निघावा यात नवल नाही. माणसानं केलेल्या यंत्रात तो कधीमधी निघणारच. खरी अडचण अशी, की कारखान्यापासून फाटकापर्यंतच्या साखळीत तो बिघाड आहे असं कबूल करणं कोणालाच परवडत नाही. ज्या गोष्टीचे पैसे मिळत नाहीत ती गोष्ट ऐकू येत नाही, हा कानाचा दोष नव्हे.

सुरुवात गाडी हातात येण्याच्या दिवसापासूनच करू. कारखान्यातून निघालेली गाडी तयार असते, पण पुरती तयार नसते. कंटेनरमधून हादरे खात ती डीलरच्या गोदामात येते, तिथे काही दिवस, कधी काही आठवडे उभी राहते, आणि ग्राहकाच्या हाती देण्याआधी तिची एक तपासणी व्हायची असते. या तपासणीला त्या धंद्यात पीडीआय म्हणतात. नट-बोल्ट योग्य जोर लावून आवळले आहेत का, चेन नको तितकी ताणलेली किंवा ढिली नाही ना, बॅटरी पुरी चार्ज आहे का, ब्रेक ऑईलची पातळी, टायरमधली हवा, क्लचच्या केबलची मोकळीक, अशी ही यादी असते आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करायची चौकट असते. काम अवघड नाही, पण वेळ खाणारं आहे, आणि नेमका वेळ हीच वस्तू महाराष्ट्रात गाडी घेण्याच्या दिवशी शिल्लक नसते. आपल्याकडे गाडी रस्त्यावर धावणारं यंत्र असली तरी ती घरात येते पंचांगातून. साडेतीन मुहूर्त, वर धनत्रयोदशी. त्या दिवशी अख्ख्या शहराला दुपारच्या आत गाडी हवी असते, आणि तीही सकाळी न्हाऊन-माखून आलेल्या आजोबांसमोर. आदल्या रात्री गोदामात जे चालतं त्याला तपासणी म्हणायचं की धुलाई, हे चौकटींवरच्या खुणांवरून सांगता येत नाही, कारण खुणा सगळ्या जागच्या जागी असतात. २०२५ साली तर सरकारनंही या गर्दीला हातभार लावला. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबरला, म्हणजे थेट घटस्थापनेला. कर उतरण्यासाठी थांबलेले आणि दसऱ्यासाठी थांबलेले असे दोन्ही मोर्चे एकाच पंधरवड्यात शोरूमवर आले. पंचांगात राहुकाळ छापलेला असतो, पीडीआयकाळ नसतो. त्यामुळे पुढच्या चाकाचा एखादा नट, जो मंगळवारी संध्याकाळी निवांतपणे आवळला गेला असता, तो शुभ मुहूर्तावर ढिलाच घरी येतो.

मग पहिली तक्रार घेऊन माणूस जातो आणि त्याला ते प्रसिद्ध उत्तर मिळतं. इंजिन नवीन आहे, सेट होतंय. या उत्तराला नुसतं हसून चालणार नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे, आणि त्या अंशावरच त्याचा सगळा दरारा उभा आहे. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत एकमेकींना घासून जागेवर बसायच्या असतात. त्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरकस रेघा ठेवलेल्या असतात. त्यांची टोकं सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये झिजतात, चुरा तेलात उतरतो, आणि म्हणूनच पहिल्या सर्व्हिसला तेल बदलायचं असतं. तोवर गाडी फार पिळू नये, एकाच वेगानं तासन्‌तास चालवू नये, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तेव्हा इंजिन सेट होतं हे खरं. पण इंजिनासाठी असलेली ही सवलत सर्व्हिस सेंटर हळूहळू संपूर्ण गाडीला लागू करतं. पुढच्या शॉकअपच्या सीलमधून गळणारं तेल सेट होत नाही, संपतं. कोनसेट ढिला असल्यानं ब्रेक दाबताच हँडलमध्ये होणारी खडखड सेट होत नाही, खड्ड्याखड्ड्याला वाढत जाते. स्पीडोमीटरच्या काचेआड पावसाळ्यात जमणाऱ्या धुक्याबद्दल ‘ऊन पडलं की जाईल’ असं सांगतात, आणि ते जातंही, जूनपर्यंत. नव्या सुनेनं काही गाऱ्हाणं केलं की ‘रुळेल हळूहळू’ म्हणणारी घरं जशी असतात, तसंच हे. रुळायचं कोणी, गाडीनं की मालकानं, हे मात्र मोघम ठेवलेलं असतं. अनुभव असा, की मालक आधी रुळतो. आवाज तेवढाच राहतो, ऐकणं कमी होतं, आणि सर्व्हिस सेंटरच्या दृष्टीनं गाडी दुरुस्त झालेली असते.

आता हे उत्तर देणारा माणूस मुद्दाम फसवतो का? मला वाटतं, क्वचितच. त्याच्या जागी बसून हिशेब मांडला तर त्याला दुसरं उत्तर सुचणंच कठीण आहे. गाडीच्या विक्रीत डीलरला सुटणारी रक्कम थोडी असते. पोट भरतं ते विमा, कर्ज, ॲक्सेसरी आणि सर्व्हिस यांवर. (हँडलिंग चार्जेस नावाची एक रक्कमही बिलात दिसते. ती कशाच्या हँडलिंगची, हे विचारणाऱ्याला गाडीपेक्षा जास्त हँडल करावं लागतं. आणि मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीबरोबर जे हेल्मेट मिळायला हवं, ते मागणाऱ्याकडे असं पाहतात की माणूस आपणच डोक्यावर हात ठेवून परत येतो.) पैसे देऊन करायच्या सर्व्हिसमध्ये तेल, फिल्टर, पॉलिश, इंजिनाच्या आतली सफाई, कोटिंग असं बरंच काही बिलावर चढवता येतं, आणि ते बिल ग्राहक तिथल्या तिथे चुकवतो. वॉरंटीचं काम याच्या नेमकं उलटं असतं. तिथे काम डीलरनं करायचं आणि पैसे कंपनीनं द्यायचे, तेही कंपनीनं ठरवलेल्या दरानं, कंपनीनं ठरवलेल्या मिनिटांत, आणि काढलेला जुना पार्ट तपासणीसाठी राखून ठेवल्यावर. निदान चुकलं किंवा कागद अपुरा पडला तर दावा नामंजूर, भुर्दंड डीलरला. मेकॅनिकला दिवसाकाठी ठरावीक गाड्या हातावेगळ्या करायच्या असतात. तेल बदलून, चेनला ग्रीस लावून, पाणी मारून गाडी बाहेर काढणं ही त्याची मोजली जाणारी कामगिरी. एखाद्या गाडीत थंड असताना नाही, फार गरम झाल्यावर नाही, पण साठच्या आसपास तिसऱ्या गिअरमध्ये चढावर येणारा आवाज शोधायला अर्धा दिवस लागतो, आणि त्या अर्ध्या दिवसासाठी कोणाच्याही तक्त्यात रकाना नसतो. अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यानं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या १९७४ सालच्या पुस्तकात अशाच एका दुकानाचं वर्णन केलं आहे. रेडिओ मोठ्यानं लावून हसतखेळत काम करणाऱ्या मेकॅनिकांनी इंजिन पुन्हापुन्हा खोललं, छिन्नी-हातोड्यानं भाग तोडले, आणि शेवटी दोष निघाला तो तेल पोचवणाऱ्या यंत्रणेतली पंचवीस सेंटची एक पिन तुटल्याचा. पर्सिगनं त्याचं मूळ शोधलं ते त्या मुलांच्या मनात. त्यांना आपल्या कामाशी देणंघेणंच नव्हतं, ती नुसती बघे होती, असा त्याचा निष्कर्ष. पुस्तक थोर आहे, पण या ठिकाणी मला त्या लेखकापेक्षा आपला एखादा लेबर इन्स्पेक्टर जास्त उपयोगी पडला असता. मनात शिरण्याआधी त्या मुलांची पगाराची पावती पाहायला हवी होती. आपल्याकडचा तोच मेकॅनिक संध्याकाळी घराजवळच्या गॅरेजात ओळखीच्या माणसाची गाडी बघतो तेव्हा कान लावून ऐकतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाजाची जागा हुडकतो. कला तीच, माणूस तोच. दिवसा ती कला वापरायची सोय नाही, इतकंच.

या अर्थशास्त्राचा सर्वात सुंदर दस्तऐवज म्हणजे जॉबकार्ड. ग्राहक तक्रार सांगतो ती बारकाव्यांसह सांगतो, कारण ती सांगण्यासाठी त्यानं सुट्टी टाकलेली असते. सकाळी पहिल्यांदा चालू करताना गाडी मिसिंग करते, मग बरी चालते, दुपारी सिग्नलला उभी असताना बंद पडते, पावसात होत नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर हे सगळं मान डोलवत ऐकतो आणि लिहितो, ‘जनरल चेकअप’. फारच आग्रह धरला तर ‘पिकअप प्रॉब्लेम’. एका छोटेखानी वैद्यकीय इतिहासाचे असे दोन शब्द होतात. तो कागद आत जातो. ज्यानं तक्रार ऐकली तो गाडी उघडत नाही आणि जो उघडतो त्यानं तक्रार ऐकलेली नसते. मेकॅनिक कार्डावर वाचतो जनरल चेकअप, आणि प्रामाणिकपणे जनरल चेकअपच करतो. संध्याकाळी गाडी धुऊन, चाकांना चमक आणून मिळते, आणि आवाज आतच असतो. आता यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. पण तक्रारीचं वजन काट्यावर चढण्याआधीच उतरलं. ग्राहकानं जॉबकार्डावर आपल्या तक्रारीचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत आणि प्रत मागावी, असा सल्ला जाणकार देतात. तो योग्यच आहे. मात्र ‘साहेब, सिस्टीममध्ये एवढी जागा नाही’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी. अनेक ठिकाणी सिस्टीम खरोखरच तयार यादीतून तक्रार निवडायला लावते, आणि त्या यादीत ‘कधीकधी’ हा पर्याय नसतो.

त्यातही विनोद असा, की अलीकडची गाडी स्वतःच कबुलीजबाब देते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. त्याच्याबरोबर सेन्सर आले, त्या सगळ्यांचं ऐकणारा ईसीयू आला, आणि काही बिघडलं की मीटरवर पेटणारा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा आला. गाडी आता नुसता आवाज करत नाही. कोणता सेन्सर रुसला आहे याचा क्रमांक ती आपल्या स्मरणात नोंदवून ठेवते. ज्या यंत्राकडून काही अपेक्षा नव्हती ते पुराव्यासह खरं बोलू लागलं, आणि आपण मात्र त्याचं तोंड बंद करायचं तंत्र शोधलं. गाडीला स्कॅनर लावतात, क्रमांक वाचतात किंवा वाचत नाहीत, आणि एक बटण दाबून तो पुसून टाकतात. ‘एरर क्लिअर केलाय’ असं सांगताना ॲडव्हायझरच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान असतं. दिवा विझलेला असतो, म्हणजे रोग गेला. कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असेल किंवा वायर कुठे चेपलेली असेल तर चार दिवसांत दिवा पुन्हा पेटतो, पण तोवर ते जॉबकार्ड बंद झालेलं असतं. दुसऱ्यांदा येणारी तीच तक्रार ही कागदोपत्री नवी तक्रार असते.

इथे जुन्या पिढीतला कोणीतरी हात वर करणार, आणि त्याचं ऐकायला हवं. तो म्हणेल, आताच्या पोरांना काय ठाऊक बिघाड म्हणजे काय. आमच्या वेळी स्कूटर आधी एका कुशीवर झोपवून मग किक मारावी लागे. पाकिटात पैशांच्या शेजारी सँडपेपरचा तुकडा असे, प्लग घासायला. बजाजची स्कूटर मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे, आणि मुलाच्या जन्मानंतर केलेलं बुकिंग त्याच्या मुंजीला फळाला येई. सगळं खरं आहे. गाड्या सुधारल्या यात शंका नाही. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली तीच मुळी पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा जाहिरातीवर, आणि लाखो लोक खरोखर विसरून गेले. आजची साधी शंभर सीसीची गाडी त्या काळच्या राजदूत-येझदीपेक्षा किती कमी त्रास देते हे मोजायचीही गरज नाही. परंतु या आक्षेपातून जे सिद्ध होतं ते आक्षेप घेणाऱ्याला अपेक्षित नसतं. जुनी गाडी बिघडायची, पण बिघाड मालकाच्या आवाक्यातला असायचा. प्लग, पॉईंट, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकलेला कचरा, तुटलेली क्लच केबल. निम्मी दुरुस्ती रस्त्याच्या कडेला व्हायची आणि उरलेली नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडे, ज्याच्याकडे कंपनीचा स्कॅनर नव्हता आणि लागतही नव्हता. आता बिघाड क्वचित होतो, पण झाला की तो फक्त एकाच दारातून आत जातो, कारण स्कॅनर त्या दारामागे आहे, आणि बाहेरच्या माणसाचा हात लागला तर वॉरंटी जाण्याची भीती पुस्तिकेतच छापलेली आहे. फुकट सर्व्हिस ठरलेल्या दिवसांत आणि किलोमीटरांत चुकली तरी वॉरंटी धोक्यात. (फुकट म्हणजे मजुरी फुकट. तेल, फिल्टर आणि ‘कन्झ्युमेबल्स’ नावाच्या अदृश्य पदार्थाचे पैसे द्यायचेच.) म्हणजे यंत्र जितकं भरवशाचं झालं तितका माणूस त्या दारावर अवलंबून राहू लागला. नंबर लावून स्कूटर मिळवणाऱ्या पिढीनं आणखी एक वारसा दिला, तो कृतज्ञतेचा. वस्तू मिळाली हेच उपकार, तिच्यात खोट काढणं हा कृतघ्नपणा. नंबर लावण्याचा काळ कधीच संपला, शोरूममध्ये आता गाड्या गिऱ्हाइकाची वाट पाहतात, पण सर्व्हिस सेंटरच्या खिडकीशी आपण अजून रेशनच्या दुकानातला स्वर लावतो.

दुसरा आक्षेप डीलरांचा असतो, आणि तोही निराधार नाही. ग्राहक काही संत नसतो. पुस्तिका तो गाडीच्या कागदपत्रांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवतो आणि गाडी विकेपर्यंत बाहेर काढत नाही. पहिल्याच रविवारी दोघांना बसवून गाडी घाटात पिळतो. चेनला तेल द्यायचं असतं हे त्याला चेन करकरू लागल्यावर कळतं. चौथ्या दिवशी नाक्यावरच्या दुकानात जाऊन तो मूळ वायरिंग कापून फॉगलॅम्प आणि एसटीसारखा हॉर्न बसवून घेतो, आणि आठव्या दिवशी बॅटरी उतरते म्हणून कंपनीला शिव्या देतो. ॲव्हरेजची तक्रार तर बहुतेक वेळा शुद्ध गैरसमजावर चालते. जाहिरातीतला आकडा ठरावीक पद्धतीच्या चाचणीतून आलेला असतो. त्या चाचणीत कर्वे रस्त्यावरची संध्याकाळ धरलेली नसते. हे सगळं मान्य करूनही प्रश्न उरतोच. ग्राहकाची चूक असेल तर त्यासाठी पुस्तिकेत बारीक अक्षरांत कलमं आहेत. बाहेरचं वायरिंग, चुकीचं तेल, चुकलेली सर्व्हिस, शर्यत, अपघात, पूर, सगळ्याची वर्गवारी करून ठेवलेली. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बल्ब, रबराचे भाग ही झीज म्हणून वगळलेली. ग्राहकानं काय बिघडवलं ते लिहायला इतक्या जागा, आणि कारखान्यातूनच काही बिघडून आलं असेल तर ते लिहायला जनरल चेकअप. ज्या खेळात एकाच बाजूच्या चुका मोजल्या जातात त्या खेळात दुसरी बाजू हरणार नाहीच.

कंपन्या आपणहून चूक कबूल करतच नाहीत, असंही नाही, आणि त्या कशा कबूल करतात हे पाहण्यासारखं आहे. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं भारतासह काही देशांतल्या २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट या मॉडेलांच्या इग्निशन कॉइलमध्ये दोष होता. त्यामुळे गाडी मिसिंग करू शकत होती, क्वचित शॉर्टसर्किटही होऊ शकत होतं. दोष कंपनीच्याच तपासणीत सापडला, आणि प्रत्यक्षात कॉइल बदलावी लागेल अशा गाड्या दहा टक्क्यांहून कमी असतील असा अंदाजही कंपनीनं दिला. उघडपणे केलेली चांगली कृती. वाहन उद्योगात स्वेच्छेनं गाड्या परत बोलावण्याची संहिता २०१२ पासून होती, आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं सरकारलाही तसा आदेश देण्याचा अधिकार दिला. पण कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही रिकॉलच्या आदल्या महिन्याची कल्पना करावी. एक माणूस मिसिंगची तक्रार घेऊन फाटकाशी उभा आहे. त्याच्या गाडीत जो दोष आहे तो महिन्याभरानं वर्तमानपत्रात छापून येणार आहे. आज मात्र त्याच्याजवळ फक्त आपले दोन कान आहेत, आणि बहुधा त्याला उत्तर मिळेल, की पेट्रोल खराब असेल, पंप बदलून बघा. त्याची तक्रार एकटी असेतो ती त्याच्या मनाचा खेळ. तशाच पुरेशा तक्रारी जमल्या की तो तांत्रिक दोष. अडचण अशी, की जमणार कशा? प्रत्येक फाटकाशी जनरल चेकअपच लिहिलं जात असेल तर कंपनीच्या संगणकात दिसेल ते एवढंच, की देशभरातले लोक आपल्या गाड्यांचं जनरल चेकअप फार हौसेनं करून घेतात.

राहता राहिला कायदा. आपली ग्राहक चळवळ इथल्याच मातीतली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला आणि जुलै २०२० पासून त्याची २०१९ ची नवी आवृत्ती लागू झाली. एकाच पुण्याच्या परिसरात चाकणला मोटरसायकली तयार होतात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये वाहनं तपासली जातात, आणि त्याच गावात ग्राहकाच्या हक्काची आरोळी उठली. तरीही आवाज कसला येतो याचा निवाडा होत नाही, हे पुण्याच्या लौकिकाला शोभत नाही. नव्या कायद्यात सोयी खऱ्याच आहेत. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बहुतेक मोटरसायकली त्या मर्यादेत आरामात बसतात. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेतली तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, अशी अपेक्षाही कायद्यानं लिहून ठेवली आहे. ती वाचताना सर्व्हिस सेंटरमधलं ‘पार्ट गुरुवारपर्यंत येईल’ आठवलं तर दोष वाचकाचा नाही. पण दोष कारखान्यातला आहे असं म्हणणाऱ्यानंच तो दाखवून द्यायचा असतो, आणि गाडी वारंवार दुरुस्तीला न्यावी लागली एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही, तज्ज्ञाचं मत हवं, असं ग्राहक आयोगांनी अनेकदा सांगितलं आहे. मग पुराव्याला काय जोडायचं? जॉबकार्ड. आणि जॉबकार्डावर काय लिहिलंय? अमेरिकेत कनेटिकट राज्यानं १९८२ साली हा गुंता वेगळ्या बाजूनं सोडवला. नव्या मोटारीतला तोच दोष ठरावीक वेळा प्रयत्न करूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण महिनाभर दुरुस्तीत पडून राहिली, तर दोष आहे असं धरून चालायचं, आणि कंपनीनं गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. दोष का आहे हे ग्राहकानं सांगायची गरज उरली नाही, फेऱ्या मोजता आल्या की झालं. आपल्याकडे असा नियम आला तर डीलरचं नुकसान होईल असं म्हणतात. माझ्या मते उलट होईल. आज तक्रार नाकारणं स्वस्त आहे म्हणून ती नाकारतात. चौथ्या फेरीला अख्खी गाडी परत घ्यावी लागणार असेल, तर पहिल्या फेरीला अर्धा दिवस कान लावून बसणारा मेकॅनिक कंपनीला एकाएकी परवडू लागेल, आणि त्याच्या तक्त्यात रकानाही सापडेल.

तोवर ग्राहकाचं म्हणणं कंपनीपर्यंत पोचायचा एकच राजरोस मार्ग आहे, तो म्हणजे सर्व्हिसनंतर येणारा फोन. त्याची पूर्वतयारी गाडी परत देतानाच होते. ॲडव्हायझर दिवसभरात पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणतो, ‘सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या हं, नऊ दिले तरी आमचं कापतात.’ ही पद्धत ज्यानं २००३ साली रूढ केली त्या फ्रेड राइशहेल्डच्या हिशेबात नऊ देणाराही समाधानी धरला जातो. आपल्याकडे नऊ म्हणजे नापास. ग्राहक विचार करतो. या पोराचा पगार कशाला बुडवा, आणि पुढच्या फुकट सर्व्हिसला याच खिडकीशी यायचं आहे. तो दहा देतो. प्रश्नही तसेच असतात. गाडी स्वच्छ धुतली होती का, ॲडव्हायझर नीट बोलला का, बसायला जागा होती का. आवाज गेला का, हा प्रश्न त्यात नसतो. सगळ्यात शेवटी विचारतात, की ही गाडी घ्यायची शिफारस तुम्ही मित्रांना आणि नातेवाइकांना कराल का. त्यालाही तो हो म्हणतो, आणि तेवढं एक उत्तर मनापासूनचं असतं. ओळखीतल्या आणखी कोणी तीच गाडी घेतली, तर तिसऱ्या गिअरमध्ये चढावर तिच्यातूनही तसाच आवाज येतो का, हे निदान फोन करून विचारता येईल.